मागच्या खोलीपर्यंत वायफाय

रविवार, २ नोव्हेंबर
शेवटची नोंद २६ जूनची. त्यात एकच ओळ: 'उद्यापासून रोज.' तेव्हा माफी. कुणाची मागायची हा प्रश्नच आहे, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. आज उघडल्यावर लक्षात आलं की मीही वाचत नाही. मध्ये ऑडिट होतं, मग गणपती, मग दुसरं ऑडिट, मग दिवाळी. ही कारणं आहेत, सबबी नव्हेत. दोन्हींतला फरक ओळखण्याचाच मला पगार मिळतो. (चाकण. गाड्यांच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या. क्वालिटी.)

आज लिहायचं निमित्त चित्रा. तिची कंपनी हिंजवडीत, पण आठवड्यातले तीन दिवस ती घरून काम करते. तिचं टेबल आधी मधल्या खोलीत होतं. फेब्रुवारीत तिच्या आई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्या आमच्याकडे आल्या. मधली खोली त्यांना दिली. चित्राचं टेबल मागच्या खोलीत गेलं. मागच्या खोलीत वायफाय अगदीच येत नाही असं नाही. येतं, जरा टेकतं आणि चहा व्हायच्या आत उठून जातं.

क्लायंटच्या मीटिंगमधून चित्रा दोनदा गायब झाली. तिची मॅनेजर तनुजा म्हणाली की तिसऱ्यांदा झालं तर पाचही दिवस ऑफिस. पाचही दिवस ऑफिस म्हणजे दिवसभर आईंजवळ कुणी नाही. मग त्यांना नाशिकला विलासकडे, म्हणजे चित्राच्या भावाकडे जावं लागणार. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि आई वॉकरवर. एकदा वर गेल्या की गेल्या. त्यांना जायचं नाही. चित्राला त्यांना पाठवायचं नाही. मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: मला? मलाही नाही. संध्याकाळी आम्ही दोघं शब्दकोडं सोडवतो. त्या सोडवतात, मी पेन धरतो.

चित्राचं म्हणणं, दारातल्या राउटरच्या डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेनं लांब वायर टाकू, विषय संपला. मी समजावलं की ही मलमपट्टी झाली. आपल्याला कायमचा उपाय हवा. मेश सिस्टिम. घरभर तीन युनिट, एकमेकांशी बोलणारी. ती म्हणाली, "घरातली माणसं बोलतात तेवढी बोलली तरी पुष्कळ."

संकल्प: दोन आठवड्यांत घराचा कानाकोपरा सिग्नलखाली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
मॉडेल निवडीचा तक्ता तयार. सहा मॉडेलं, अकरा निकष, प्रत्येक निकषाला वजन. तुलनेसाठी जुना राउटरही घेतला. निःपक्षपातीपणा म्हणून.

जुना राउटर पहिला आला.

निकषांची वजनं बदलली. ही फसवणूक आहे का, यावर बसमध्ये मोशी येईपर्यंत विचार केला. नाही. याला कॅलिब्रेशन म्हणतात.

प्रॉडक्शनच्या शेखरनं तक्ता बघितला. म्हणाला, "राव, वायफाय घेतोयस का प्रेस मशीन?" त्याच्या घरी कुठला राउटर आहे ते त्याला माहीत नाही. चालतो म्हणाला. अशा लोकांचं नेट चालतं कसं, हा संशोधनाचा विषय आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
साप्ताहिक सुट्टी. घराचा सिग्नल सर्व्हे केला. ग्राफ पेपरवर फ्लॅट काढून फरशीच्या चौकोनागणिक फोन धरून उभा राहिलो. आईंच्या खोलीत शिरलो तेव्हा त्यांनी निमूटपणे पलंगावर पाय वर घेतले, केर काढताना घेतात तसे. किती समजूतदार.

दुपारी वीज गेली. तरी वायफाय चालू होतं, त्यामुळे रीडिंग अडली नाहीत.

मुख्य निष्कर्ष: राउटर दारातल्या चपलांच्या कपाटावर कोपऱ्यात बसवलेला आहे. ज्यानं तो तिथे लावला त्याला रेडिओ लहरींचं ओ की ठो कळत नसणार. अर्धा सिग्नल जिन्यात वाया जातो. समोरच्या फ्लॅटमधले मारुतराव दारातच भेटले. आमची सोसायटी त्यांच्या आजोबांच्या उसाच्या वावरात उभी आहे, त्यामुळे ते जिन्यातसुद्धा बांधावर उभं राहिल्यासारखे उभे राहतात. म्हणाले, "साहेब, तुमच्या वायफायचा फुल्ल टावर आमच्या संडासात येतोय बरं का. पासवर्ड तेवढा न्हाई."

हे रीडिंगही ग्राफवर नोंदवलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर
कंपनीत बिजागरी करकरली तर आम्ही नुसतं तेल घालत नाही. पाच वेळा 'का' विचारतो. घरात हे कधीच केलं नाही याची लाज वाटली. आज केलं.

कॉल का तुटला? सिग्नल नव्हता. का? टेबल मागच्या खोलीत. का? मधली खोली रिकामी नाही. का? तिथे सासूबाई. का? ऑपरेशन झाल्यामुळे त्या इथे राहतात.

मूळ कारण: सासूबाई.

लिहिताना हात जरा अडखळला. 'खोलीच्या वापरातील बदल' असं लिहावं का? पण पद्धत सांगते की शब्द नेमका हवा. नेमकाच लिहिला. यात कुणाला दोष नाही, ही केवळ तांत्रिक साखळी आहे. समजणाऱ्याला समजेल.

लाइनवर असे कागद सगळ्यांना दिसतील असे लावतात. मी फ्रिजवर लावला, चार कोपऱ्यांना चार चुंबकं.

सोमवार, १० नोव्हेंबर
ऑर्डर दिली. तीन युनिटचा पॅक.

कागद अजून फ्रिजवर आहे. चित्रा सकाळी फ्रिज उघडते तेव्हा तिचे डोळे मिटलेलेच असतात, आणि इरा (मुलगी, दहावी) फक्त आतलं बघते. वाचला तो आईंनी. त्या सटाण्याला शाळेत पंचवीस-तीस वर्षं शिकवत होत्या, त्यामुळे छापील-लिखित काही दिसलं की शेवटपर्यंत वाचतात, अगदी फरसाणाच्या पुड्याचा कागदसुद्धा. बराच वेळ वॉकर धरून उभ्या होत्या. घरात कुणीतरी पद्धत समजून घेतंय याचं समाधान वाटलं.

संध्याकाळी शब्दकोडं सोडवायला आल्या नाहीत. नाशिकला फोन चालू होता. बराच वेळ. माय-लेकांत असा संवाद असावा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
सुट्टी. स्थापना. इरा मदतीला होती, म्हणजे सोफ्यावर होती.

दारातला फायबरचा डबा तिथेच राहू दिला, कारण तो हलवता येत नाही. त्याचा स्वतःचा वायफाय मात्र बंद केला. एका घरात दोन मालक नकोत. तिथून छोटी वायर काढून मेशचं मुख्य युनिट हॉलच्या शोकेसमध्ये बरोबर मध्यभागी, दोन ट्रॉफ्यांच्या मध्ये ठेवलं. दुसरं पॅसेजमध्ये. तिसरं मागच्या खोलीत लोखंडी कपाटावर.

अ‍ॅपनं सांगितलं, तिसरं युनिट सापडत नाही. मी त्याच्यासमोर उभा होतो. अ‍ॅपला तसं सांगण्याची सोय नाही.

चार वेळा रीसेट. इरा म्हणाली, बाबा, ते लोखंडाच्या मागे आहे. मी म्हटलं, मागे नाही, वर आहे. नंतर मी स्वतंत्र विचार करून ते कपाटावरून टेबलावर आणलं. लगेच निळा दिवा लागला. इराला निष्कर्ष कळवला. तिनं मान डोलावली, पण फोनमधून वर बघितलं नाही.

संध्याकाळी पूर्ण घर हिरवं. मागच्या खोलीत पाचही काड्या. डोळ्यांत पाणी आलं असं म्हणणार नाही, पण ग्राफ पेपर फ्रेम करावा असं वाटलं.

चित्रानं टेबलाशी बसून एक व्हिडिओ लावला. अडकला नाही. ती म्हणाली, चांगलं झालंय. हे तिचे शब्द आहेत, इथे नोंदवून ठेवतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर
सुरक्षेसाठी पासवर्ड बदलला. सोळा अक्षरं, दोन चिन्हं, दर पंधरवड्याला नवीन. इराचा क्लास बुडाला. आईंना नाशिकला व्हिडिओ कॉल लागेना. त्यांनी मारुतरावांच्या घरी जाऊन लावला. वॉकर घेऊन. जिना ओलांडून. चित्रा ऑफिसातल्या कुणाशी बोलते त्या आवाजात माझ्याशी बोलली.

पासवर्ड पूर्ववत. सुरक्षेला घरच्यांचा पाठिंबा लागतो.

सोमवार, १७ नोव्हेंबर
आई कपाट आवरतायत. पातळं काढून, घड्या घालून पिशवीत. नको असलेलं वेगळं काढणं ही पहिली पायरी, हे कंपनीत आम्हाला वर्षभर पोस्टर लावून शिकवावं लागतं. मी जाऊन कौतुक केलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याच कागदावरून सुचलं, गुरुदत्तराव." माझा आनंद चेहऱ्यावर दिसला असावा. त्या जरा वेळ बघत राहिल्या.

चित्राला सांगितलं तर ती तडक फ्रिजपाशी गेली. कागद ओढला तेव्हा एक चुंबक फ्रिजखाली गेलं. पहिल्यांदाच नीट वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "हे तू लिहिलंस, की डोक्यात आलं आणि हातानं लिहिलं?" मला प्रश्नाची रचना कळली नाही. मी म्हटलं, मीच. रविवारी विलास गाडी घेऊन आईंना न्यायला येतोय, हे तिनं तेव्हा सांगितलं.

रात्री जेवताना कुणी बोललं नाही. सिग्नल उत्तम होता.

स्वतःला विचारलं, चूक झाली का? पद्धतीत नाही. मांडणीत थोडी. यावर उपाय एकच. चित्राचा या आठवड्यातला क्लायंटसमोरचा डेमो निर्विघ्न पार पडला की तिचं घरून काम पक्कं, आईंना जायचं कारणच उरत नाही, आणि मग त्यांना मूळ कारण हा शब्द किती निरुपद्रवी आहे ते सांगता येईल.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
डेमो उद्या, बुधवारी होता. मी उद्या चाकणला. इतक्या महत्त्वाच्या दिवशी सिस्टिमजवळ जाणकार माणूस नको? चित्राला म्हटलं, गुरुवारी घे. गुरुवारी मी घरी असतो. ती म्हणाली, तुझ्याशिवायच बरं चालेल. मी आग्रह धरला. तिनं तनुजाला फोन केला, तनुजानं क्लायंटला. एक दिवस पुढे ढकलायला तिला तीन वेळा सॉरी म्हणावं लागलं. मी मोजत नव्हतो, ऐकू आलं.

डेमो गुरुवारी सकाळी. आजवरचा माझा सर्वांत दूरदर्शी निर्णय.

गुरुवार, २० नोव्हेंबर, सकाळी
सगळी युनिट निळी. पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलोय. इराला शाळेत जाताना फोन फ्लाइट मोडवर टाकायला सांगितलं, जिना उतरेपर्यंत. आईंची पिशवी पलंगाखाली आहे, तिकडे मुद्दाम बघत नाही. दुपारपर्यंत ती उघडलेली असेल.

सुरू झालं. चित्राचा आवाज येतोय. स्पष्ट, ठाम. लग्नाच्या आधी फोनवर असा

गुरुवार, २० नोव्हेंबर, संध्याकाळी
वीज गेली.

लिहायला जड जातंय पण लिहितो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कंपन्यांना रविवार सोडून गुरुवारी सुट्टी असते. का असते? वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीची कामं गुरुवारी काढतात म्हणून. मी एकवीस वर्षं ही सुट्टी उपभोगतोय. नव्या भरतीच्या मुलांना ओरिएंटेशनमध्ये ही माहिती मीच देतो, स्लाइडसकट. वीजमंडळाचा मेसेजही बुधवारी आला होता. फोनमध्ये आहे. न वाचलेला.

पंखे चालू राहिले, दिवे चालू राहिले, कारण ते इन्व्हर्टरवर. दारातला फायबरचा डबाही चालू राहिला. चपलांच्या कपाटावरचं ते भिकार सॉकेट इन्व्हर्टरचं आहे. शोकेसचं नाही. पॅसेजचं नाही. मागच्या खोलीचंही नाही. तिन्ही निळे दिवे एकदम गेले, आणि बंद दारामागे चित्रा एका वाक्याच्या मध्यात गप्प झाली.

मी फोनवरून नेट द्यायला धावलो. माझा फोन सर्व्हेच्या अ‍ॅपनं पार उतरलेला. चित्रा लॅपटॉप छातीशी धरून माझ्या बाजूनं गेली, शोकेसमागची छोटी वायर हिसडून काढली, एक ट्रॉफी पडली (सुरक्षा सप्ताह, उत्तेजनार्थ), आणि दाराशी जाऊन चपलांच्या कपाटावर बसली. वायर तेवढीच पुरत होती. उरलेला डेमो तिनं तिथून केला. मांडीवर लॅपटॉप, पाय माझ्या सेफ्टी शूजवर. मध्ये मारुतरावांनी बेल वाजवली. त्यांच्याकडेही वीज गेली होती, आमच्याकडेही गेली का ते बघायला आले होते. दार अर्धवट उघडून चित्रानं बोटानं गप्प राहायची खूण केली. ते तिथेच चपलांमध्ये उकिडवे बसून सगळा डेमो ऐकत राहिले. नंतर मला म्हणाले, "वहिनींचं विंग्रजी लई सपाट चालतंय हो. कुटं खड्डा न्हाई."

डेमो क्लायंटला आवडला. पण तनुजाच्या नोंदीत तिसरा व्यत्यय पडला. सोमवारपासून पाचही दिवस ऑफिस, मार्चपर्यंत.

वीज तीनला आली. तिन्ही युनिट आपोआप जोडली गेली. कुणाच्याही मदतीशिवाय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
चाकणहून आलो तर आई हॉलमध्ये बसल्या होत्या. समोर टीपॉयवर माझा फ्रिजवरचा कागद, इस्त्री केल्यासारखा सपाट केलेला. चित्रानं चुरगळला होता, त्यांनी कचऱ्यातून काढला. बसा म्हणाल्या. बसलो. वर्गात बसतात तसा, हे मागाहून लक्षात आलं.

म्हणाल्या, उत्तर आलं की पेन खाली ठेवायची सवय त्या पाचवीतल्या पोरांनाही लागू देत नसत. उत्तर ताडून बघायला लावत. तुम्ही पाचव्या प्रश्नावर का थांबलात?

मी म्हटलं, पद्धत पाचची आहे.

"सहावा मी विचारते. बायको वायर टाक म्हणत होती. टाकली का नाही?"

बरीच उत्तरं होती. वायर वाकडी दिसते. कडेनं चिकटपट्टी लावावी लागते. तो तात्पुरता उपाय आहे. त्यात माझं असं काही नव्हतं. यातलं शेवटचं सोडून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटच्याची वाट बघितली. मग तेही सांगितलं.

त्यांनी 'सासूबाई' वर रेघ मारली आणि वरती 'जावई' लिहिलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं सुबक. खाली सही करायला विसरल्या नाहीत.

मग माझ्या तोंडून जे निघालं त्याचा कुठलाही तक्ता नव्हता. "आई, विलासला येऊ नको म्हणून सांगा. सोमवारपासून सकाळी मी घरी आहे."

त्यांनी विचारलं, कंपनीचं काय? मी म्हटलं, सेकंड शिफ्ट घेतो. दुपारी मी निघतो तोवर इरा शाळेतून येते. वरिष्ठांची मंजुरी नसताना शब्द दिल्याची माझ्या कारकिर्दीतली ही पहिली वेळ. त्या 'बघू' म्हणाल्या. पिशवी सोमवारपर्यंत भरलेलीच राहू दे म्हणाल्या. विलासला मात्र फोन केला आणि या रविवारी नको म्हणून सांगितलं. कायमचं नको असं नाही म्हणाल्या. मी बाजूलाच होतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर
सेकंड शिफ्ट मार्चपर्यंत मंजूर. अर्जात कारण लिहायची जागा एक ओळीची असते. 'कौटुंबिक.' शेखरला कळलंच. म्हणाला, "सासूसाठी शिफ्ट बदलणारा आख्ख्या चाकणात तूच राव." कुजकेपणानं म्हणाला असावा. कॅन्टीनमध्ये त्यानं स्वतःच्या डब्यातली भेंडी मात्र माझ्या ताटात वाढली, ती का, ते कळलं नाही.

चित्राला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आता आपण एकमेकांना रविवारीसुद्धा भेटणार नाही. रविवारी माझी कंपनी चालू असते. हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. पण ती हे बोलताना टेबल आवरत होती, आणि मेशच्या तिसऱ्या युनिटवरची धूळ ओढणीच्या टोकानं पुसली. अर्थ काढणार नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर, दुपारी, बस यायच्या आधी
चित्रा ऑफिसात. इरा शाळेत. घरात आई आणि मी. तिन्ही युनिट निळी. गुरुवारनंतर एकदाही नेट तुटलेलं नाही. अ‍ॅप दाखवतं, घरात एक उपकरण जोडलेलं आहे. तो माझा फोन आहे, आणि तो अ‍ॅप बघण्यासाठी जोडलेला आहे.

आईंच्या पिशवीतून चष्म्याचं घर आणि दोन पातळं बाहेर आली आहेत. बाकी पिशवी तशीच.

अकराला त्यांना पॅसेजमध्ये चालवलं. हे चित्रा दोन कॉलच्या मध्ये रोज करायची. मला वाटायचं, आई चालतात आणि चित्रा नुसती बरोबर असते. तसं नाही. मागून चालावं लागतं, हात न लावता, पण हात तयार ठेवून. मी वेग, फेऱ्या असं काही बोलायला लागलो. त्या म्हणाल्या, गुरुदत्तराव, गप्प चाला. गप्प चाललो.

गप्प चालल्यावर ऐकू आलं. दर पावलाला फरशीवर एक घासल्याचा आवाज. हा आवाज घरात कित्येक महिने आहे, मला वाटायचं वॉकर असाच वाजतो. खाली वाकून बघितलं. मागच्या डाव्या पायाचं रबर झिजून पार गेलंय, धातू फरशीला टेकतो. ओल्या फरशीवर सरळ घसरेल. आईंना विचारलं, सांगितलं का नाहीत? म्हणाल्या, तुम्ही कामात होता.

उद्या: वॉकरचं रबर आणणे.